रजेच्या जागेवर

"बाई, तुम्ही किती दिवस आहात?"

आठवी 'ब'च्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हे विचारलं तेव्हा मी फळ्यावर अजून तारीखही घातली नव्हती. जून २०१४. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, अनुदानित माध्यमिक शाळा, मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या. रजा १८० दिवसांची आणि त्या जागेवर मी. "आहे की, बरेच दिवस," असं काहीतरी मी म्हणाले. तिचं समाधान झालं नाही. आधीच्या वर्षी त्यांच्या इंग्रजीच्या सरांच्या जागी दोघं जण येऊन गेले होते. नव्या बाईंवर जीव लावायचा की नाही, हे ती पोरगी आधी ठरवून घेत होती.

पुढची आठ-नऊ वर्षं मी कुणाच्या ना कुणाच्या जागेवर शिकवलं. आधी शाळेत, मग महाविद्यालयात तासिकेवर. आता शिकवत नाही. पण गेल्या वर्षभरात या लेखासाठी जेवढ्या तासिकावाल्यांना, शिक्षणसेवकांना आणि रजेच्या जागेवर काम केलेल्या बायामाणसांना भेटले, त्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी वर्गानं हाच प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर एकाकडेही नव्हतं.

आपल्याकडे या माणसाला एक नाव नाही. शाळेत कुणी आलं नाही की तो 'ऑफ तास' होतो आणि स्टाफरूममधल्या रिकाम्या शिक्षकाला तिथं धाडतात. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांत त्याला 'प्रॉक्सी' म्हणतात. रजा लांबली तर 'रजा मुदतीतला', महाविद्यालयात 'सीएचबी' म्हणजे घड्याळी तासावरचा, जिल्हा परिषदेत 'कंत्राटी' नाहीतर 'मानधनावरचा', गोव्यात 'लेक्चर बेसिस'. इतकी नावं आहेत, कारण या कामाचं पद कुठंच नाही. खासगी शाळांसाठीच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीत तात्पुरत्या रिकाम्या जागेवर ठरावीक मुदतीसाठी नेमलेला 'तात्पुरता कर्मचारी' आहे, तेवढाच काय तो कायद्याचा आधार. त्या नियमानं मला शाळेत पाऊल ठेवता आलं. पगाराचं मात्र वेगळंच होतं.

मला महिना ५,००० रुपये मिळायचे. सरकारकडून नव्हे, संस्थेच्या खिशातून. याचं कारण समजून घ्यायला मला स्वतःला दोन वर्षं लागली. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि हजेरीपटावर असलेली पण वर्गात नसलेली लाखो मुलं उघडकीला आली. पट घटला तसे शिक्षक अतिरिक्त ठरले. मग २ मे २०१२च्या शासन निर्णयानं भरती थांबली: आधी अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, मग नवी माणसं. धोरण म्हणून त्यात गैर काही नव्हतं. पण बाळंतपणं, अपघात, आजारपणं काही शासन निर्णय वाचून थांबत नाहीत. रजेच्या जागेवर माणूस नेमायचा तर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते. मान्यता नाही तर शालार्थ आयडी नाही आणि शालार्थ आयडी नाही तर सरकारी पगारपत्रकात नाव नाही. मुख्याध्यापकांनी माझा प्रस्ताव पाठवला. तो परत आला. त्यांनी मला बसवून घेऊन सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मुलांचं नुकसान होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या हातात आहे." ते खरंच तेवढंच त्यांच्या हातात होतं. पाच हजार कुठून येतात ते मी विचारलं नाही. नंतर कळलं, शिक्षकांनी आपसांत वर्गणी काढली होती आणि त्यात रजेवर गेलेल्या बाईंचाही वाटा होता.

हे मी पहिल्यांदाच लिहितेय. रजेवर गेलेली बाई, अंगावर पिणारं मूल मांडीवर घेऊन, आपल्या जागी आलेल्या मुलीच्या पगाराची सोय करत होती.

*

शिकवायची परवानगी मिळवायला काय काय लागतं, ते आधी सांगते. पगाराचे आकडे त्याशेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड., ज्याचं आता डी.एल.एड. झालं आहे. वरच्या वर्गांना पदवी आणि बी.एड. हे बी.एड. पूर्वी वर्षात व्हायचं, २०१५पासून दोन वर्षांचं झालं. त्यानंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१०मध्ये लागू झाला, त्याच वर्षी २३ ऑगस्टला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ही परीक्षा बंधनकारक केली. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर २०१३मध्ये झाली. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. खुल्या प्रवर्गाला नव्वद गुण हवेत, मागासवर्गीयांना पंचावन्न टक्के. एका पेपरची फी हजार रुपये, दोन्ही पेपर दिले तर बाराशे; अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना सातशे आणि नऊशे. बहुतेक वर्षी निकाल शंभरात पाचाच्या आतच राहिला.

टीईटी झाली म्हणजे पात्रता आली, नोकरी नव्हे. नोकरीसाठी आणखी एक परीक्षा: शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोनशे गुणांची, दोन तासांची. सगळे तिला 'टेट' म्हणतात आणि टीईटीशी तिचा घोळ घालतात. ती डिसेंबर २०१७मध्ये झाली, मग थेट २०२३मध्ये, मग २०२५मध्ये. मधली सव्वापाच वर्षं डोळ्यांसमोर आणा. २०१८मध्ये बी.एड. झालेली मुलगी २०२३पर्यंत परीक्षेची वाट पाहते. या वर्षांत तिचं लग्न होतं, मूल होतं आणि ती कुठल्यातरी इंग्रजी शाळेत दहा महिन्यांच्या करारावर शिकवत असते. मे महिन्यात पगार नाही, कारण मे महिन्यात शाळा नाही. त्या चाचणीतल्या गुणांवर मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचे पसंतीक्रम भरायचे. २०२४च्या फेरीत एकवीस हजारांच्या वर जागा निघाल्या आणि पहिल्या यादीत अकरा हजारांवर नावं लागली. ज्यांची लागली त्यांच्या घरी पेढे वाटले गेले. मी दोन घरांतले खाल्ले आहेत.

पेढे शिक्षणसेवक झाल्याचे असतात, शिक्षक झाल्याचे नव्हे. पहिली तीन वर्षं मानधनावर. कित्येक वर्षं हे मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० होतं. गडचिरोलीच्या पोरानं कोकणात सहा हजारांत खोली घेऊन राहायचं, जेवायचं आणि वर्षातून एकदा घरी जायचं. उच्च न्यायालयानंही या रकमेवरून सरकारचे कान उपटले. अखेर फेब्रुवारी २०२३च्या निर्णयानं, १ जानेवारी २०२३पासून, ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. शेजारच्या वर्गातल्या कायम प्राथमिक शिक्षकाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन २९,२०० आहे, माध्यमिकचं ३८,६००, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. फळा तोच आणि घंटाही तीच.

पात्रतेचा हा जिना पैसे देऊन चढणारेही निघाले. २०१९-२०च्या टीईटीतला घोटाळा डिसेंबर २०२१मध्ये पुणे पोलिसांनी उघड केला. परीक्षा परिषदेचा आयुक्तच अटकेत गेला आणि पुढे सात हजार आठशेंच्या वर उमेदवार अपात्र ठरले. २०२५मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडींचं प्रकरण निघालं. या बातम्या वाचताना लोक हळहळतात ते सरकारी पैशासाठी. मला आठवते ती माझ्या वर्गातली, नव्वदला तीन गुण कमी पडलेली मैत्रीण. ती दोन वेळा तीनच गुणांनी राहिली आणि आता पंढरपूर रस्त्यावर साड्यांना फॉल-बिडिंग करून देते.

२०२५च्या २३ नोव्हेंबरला टीईटीच्या एका केंद्राबाहेर मी सकाळी नऊपासून उभी होते. सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५चा निकाल ताजा होता: सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची, ज्यांची पाचच्या आत उरली आहेत त्यांना सूट, पण पदोन्नती नाही. त्यामुळे फाटकापाशी पंचेचाळिशी ओलांडलेले गुरुजी आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेली पोरं एकाच रांगेत होती. एका बाईंनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडून बैठक क्रमांक शोधून घेतला. तो वाकून पाया पडला आणि म्हणाला, "बाई, पेपर झाल्यावर चहा माझ्याकडून." बोटांचे ठसे, चेहऱ्याची पडताळणी, मग आत. झाडाखाली नवरे आणि सासवा तान्ही मुलं घेऊन बसलेल्या. दुधाची बाटली संपली की एक सासू फाटकाकडे बघायची. पहिला पेपर एक वाजता सुटला, दुसरा अडीचला सुरू होणार. मधल्या दीड तासात तिची सून बाहेर आली, फाटकाला पाठ करून पायऱ्यांवर बसली आणि पदराखाली मूल घेतलं. दुसऱ्या हातात बालमानसशास्त्राच्या नोट्स होत्या.

*

महाविद्यालयातली गोष्ट थोडी निराळी आहे. कानांना आकडा तिथं मोठा वाटतो म्हणून ती नीट सांगायला हवी.

मी सेट उत्तीर्ण झाले. ही परीक्षा पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी घेतं, आणि ती झाली की माणूस सहायक प्राध्यापक व्हायला पात्र ठरतो. मग तासिका तत्त्वाच्या मुलाखती. जुलैत जाहिरात, ऑगस्टमध्ये मुलाखत, विद्यापीठाची मान्यता, सहसंचालक कार्यालयाची मंजुरी, की मग नेमणूक; तीही त्या शैक्षणिक वर्षापुरती. पुढच्या जुलैत पुन्हा पहिल्यापासून. मुलाखतीत तेच तज्ज्ञ, तोच प्रश्न, तीच फाईल. त्या फाईलमध्ये दर वर्षी एक अनुभव प्रमाणपत्र वाढतं आणि कायम पदासाठी अर्ज केला की ते कसं धरायचं यावर वाद होतो.

मी सुरुवात केली तेव्हा पदवीच्या वर्गाला तासाला ५०० रुपये होते. पुढे ६२५ झाले. २७ मार्च २०२३च्या निर्णयानं ९०० झाले, पदव्युत्तरला १,०००. तासाला नऊशे म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात, म्हणून हिशोब मांडते. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तासिका. चार आठवडे धरले तर छत्तीस. छत्तीस गुणिले नऊशे, ३२,४००. हा महिना कुठल्याही सुट्टीविना, संपाविना, स्नेहसंमेलनाविना गेला तर. दिवाळीच्या महिन्यात चौदा तासिका भरल्या तर हातात १२,६००. परीक्षेच्या महिन्यात पर्यवेक्षण असतं, तासिका नसतात. मे-जून कोरडे. आणि हे सगळं महिन्याच्या महिन्याला येतं असंही नाही. माझी ऑगस्ट ते डिसेंबरची बिलं मार्चमध्ये एकगठ्ठा आली. पाच महिने मी वडिलांकडून एसटीच्या पासाचे पैसे घेत होते. वय तेव्हा तेहतीस. त्याच विभागातल्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७००पासून सुरू होतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९मध्येच अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० सुचवले होते. ते कागदावर आहेत.

बिलाचं पुस्तक कसं असतं ते सांगते, कारण माझी त्या वर्षांची सगळी आठवण त्यातच गुंतली आहे. लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर. रकाने असे: दिनांक, वर्ग, विषय, घटक, वेळ पासून, वेळ पर्यंत, स्वाक्षरी, विभागप्रमुख. तास संपला की खाली ऑफिसात जाऊन सही करायची. उशीर झाला तर कपाटाला कुलूप. एकदा एक मुलगी तासानंतर जिन्यात थांबली. घरी लग्नाचं ठरवलंय, शिकणं बंद होणार, रडत होती. मी तिच्याशी चाळीस मिनिटं बोलले. खाली आले तेव्हा लिपिक गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कालच्या तासाची सही करू दिली, माणूस चांगला. पण ती चाळीस मिनिटं कुठल्या रकान्यात लिहायची, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यात वेळ पासून होती आणि वेळ पर्यंतही होती. मुलीचं शिक्षण पुढे दोन वर्षं चाललं.

टाळेबंदीत तर रजिस्टरच उघडलं नाही. आम्ही मोबाईलवर शिकवत होतो, मुलं झाडावर चढून रेंज धरत होती, आणि महिनोन्‌महिने कुणी सांगेना की हा तास तास म्हणून धरायचा की नाही. माझ्या ओळखीच्या तासिकावाल्यांपैकी एकानं त्या वर्षी भाजीचा गाळा टाकला, एकानं मामाच्या शेतात डाळिंबं फवारली. डाळिंबवाला पीएच.डी. होता. त्यानं नंतर कॉलेजचं नावच काढलं नाही. मुली दाखवायला येतात तेव्हा पहिला प्रश्न "परमनंट आहात का?" हा असतो, म्हणून त्यानं लग्नाचंही नाव काढलं नाही.

*

माझी मामेबहीण शिकागोच्या उपनगरात असते. पुण्याची एम.एस्सी., नवरा संगणकात, ती एच-फोर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. २०१५पासून अशा बायकांपैकी काहींना कामाचा परवाना मिळू लागला, त्यात तिचा नंबर लागला. मुलं शाळेत जायला लागल्यावर तिनं इलिनॉय राज्याचा 'सबस्टिट्यूट टीचिंग' परवाना काढला. मला फोनवर तिनं हे सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, "परवाना? बदलीच्या शिक्षकाचा वेगळा परवाना?"

हो, वेगळा. कुठल्याही विषयाची पदवी हवी. आपली पदवी असेल तर तिचं तिथल्या मापानं मूल्यांकन करून घ्यायचं. बोटांचे ठसे, पोलिसी पडताळणी. फी ५० डॉलर, मुदत पाच वर्षं. एका शिक्षकाच्या जागेवर वर्षात साधारण नव्वद दिवसांपर्यंत शिकवता येतं. त्यापुढं पूर्ण परवान्याचा शिक्षक शोधावा लागतो. सकाळी साडेपाचला फोन वाजतो: अमुक शाळा, चौथीचा वर्ग, पूर्ण दिवस. हवं तर हो म्हणायचं. तिच्या भागात दिवसाला सव्वाशे-दीडशे डॉलर मिळतात. सुट्टीचा पगार नाही, विमा नाही, उन्हाळ्यात काही नाही. तिथल्या खर्चात त्यावर घर चालत नाही, हे ती स्वतःच सांगते. हे आकडे रुपयांत करून आपल्याशी ताडू नयेत, त्यातून काहीच कळत नाही.

मला वेगळंच काही लागून राहिलं. पगार तिथंही कमीच आहे. पण शिक्षक एके दिवशी येणार नाही, हे तिथं आधीच धरून चाललेलं आहे. आजारपण येणार, मूल होणार, बाप मरणार. त्या दिवशी कोण येईल, त्याची काय पात्रता असेल, त्याला दिवसाचे किती मिळतील, हे लिहून ठेवलेलं आहे. आणि रजेवर जाणारा शिक्षक टेबलावर एक फाईल ठेवतो: आज कुठला धडा, कुठल्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी, कुणाला पुढे बसवायचं, आग लागली तर कुठल्या दारानं जायचं. आपल्याकडे पात्रता त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त मागतात. एका दिवसाच्या वर्गासाठी मात्र काहीच तयार नसतं. एकशिक्षकी शाळेच्या गुरुजींना ताप आला की शाळा शेजारच्या वाडीवरच्या गुरुजींच्या अंगावर पडते, ते दोन गावांत सायकल मारतात. दोनशिक्षकी शाळेत एकाला मतदार यादीच्या कामावर बोलावलं की दुसरा पहिली ते चौथी एकाच खोलीत जोडवर्ग घेतो. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही गुरुजींना विचारा, ते वर्षातल्या अशा दिवसांची गणती बोटांवर करून दाखवतील आणि बोटं पुरणार नाहीत.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. केलं, आणि दर वेळी नवं केलं. जुलै २०२३मध्ये निवृत्त शिक्षकांना सत्तर वर्षांपर्यंत, महिना २०,००० रुपयांवर जिल्हा परिषदेच्या रिकाम्या जागांवर बोलावलं. सप्टेंबर २०२४मध्ये, तेही शिक्षक दिनाच्या दिवशी, वीस आणि त्याहून कमी पटाच्या शाळांत एक जागा कंत्राटी करायचा निर्णय निघाला, मानधन १५,०००. गुरुजी रस्त्यावर उतरले. तीन आठवड्यांच्या आत वीसचे दहा झाले आणि निवृत्तांऐवजी डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांना घ्यायचं ठरलं. फेब्रुवारी २०२५मध्ये ती योजनाच मागे घेतली गेली. त्याच सुमाराला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलं काही शाळांत आली होती. पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन, आधी सहा महिने, मग मुदत वाढवून अकरा. एका वस्तीवर मला अशी मुलगी भेटली. तिला बाराखडी शिकवायला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिनं गावातून चिंचोके गोळा करून गणिताचे गठ्ठे केले होते आणि पहिलीची सहा पोरं तिच्याभोवती गोल बसली होती. तिची मुदत संपायला तेव्हा एकोणीस दिवस होते. ते तिनं मला सांगितलं, मुलांना सांगितलं नव्हतं.

मला काय वाटतं ते स्पष्ट लिहिते. प्रत्येक तालुक्याला काही शिक्षक कायम राखीव हवेत, पूर्ण पगाराचे, ज्यांचं काम रजेच्या जागी जाणं हेच असेल. एसटीला राखीव चालक असतो, रेल्वेला राखीव गार्ड असतो, मग शाळेला का नको? आणि जोवर ते होत नाही तोवर तासिकेच्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळावेत, आणि तास मोजायचाच तर त्यात वह्या तपासण्याचा वेळ धरावा. एका वर्गाचे पन्नास निबंध तपासायला सहा तास लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

*

पुन्हा त्या शाळेकडे येते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाई रुजू होणार हे मला महिनाभर आधी कळलं. मुलांना बहुतेक त्याही आधी कळलं होतं, गाव लहान. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं बोलणं कमी केलं. मला ते लागलं, पण ती तिच्या परीनं तयारी करत होती.

बाईंनी जूनमध्ये जाताना मला त्यांची टाचणवही दिली होती. हिरव्या शाईत, रेखीव अक्षर, प्रत्येक पाठापुढं मुलांनी आधी कुठं चूक केली होती त्याची खूण. त्या वहीच्या भरवशावर मी पहिला महिना काढला. म्हणून शेवटच्या रविवारी बसून मी तिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलं. नऊ पानं झाली. कुठला पाठ झाला, कुठला अर्धा राहिला, कुठली कविता मुलांनी स्वतः चाल लावून पाठ केली. चौथ्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही, घरी सांगितलंय, चष्मा अजून आलेला नाही, त्याला पुढे बसवा. अमुक मुलगी लिहिते ते वाचायला घ्या, वर्गात नको, एकटीला बोलावून. ऊसतोडीला गेलेली तिघं मार्चमध्ये येतील, त्यांचा गृहपाठ कपाटात दोरी बांधून ठेवला आहे. दुसऱ्या बाकावरची मुलगी आधी तुमच्यावरही रुसेल.

सोमवारी बाई आल्या. अंगावर बाळंतिणीची सूज अजून होती, डोक्याला रुमाल. प्रार्थना संपून वर्ग सुरू व्हायला पाच मिनिटं होती. व्हरांड्यातल्या खांबाला टेकून, उभ्या उभ्याच त्यांनी ती पानं वाचायला घेतली. मला वाटलं वरवर चाळतील. त्या एकेक ओळ वाचत होत्या, मधेच वर बघून विचारत होत्या, "चष्म्याचं त्याच्या वडिलांशी बोललात की आईशी?" आईशी, म्हटलं. "मग मी वडिलांशी बोलते." घंटा झाली. त्यांनी वही छातीशी धरली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आठवी 'ब'मध्ये गेल्या. आतून "नमस्ते बाई" असा एकच मोठा आवाज आला.

मी ऑफिसात गेले. लिपिकांनी कार्यमुक्तीचा कागद पुढे सरकवला. सेवेचा कालावधी, दिनांक पासून, दिनांक पर्यंत. मी सही केली आणि त्यांना विचारलं, कपाटाची किल्ली कुणाकडे देऊ.